हरलेले राजकारण, टिकलेले अहवाल

पुण्याच्या विद्यापीठात शिकलेला माणूस ‘जयकरला जातो’ म्हणतो, तेव्हा तो ग्रंथालयात निघालेला असतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांची महाराष्ट्रातली आठवण आज साधारण एवढ्यावर येऊन थांबली आहे. या गृहस्थांनी एका आयुष्यात काय काय केले त्याची नुसती यादी दिली तरी दम लागतो. मुंबई उच्च न्यायालयातली वकिली, एका लढाऊ इंग्रजी दैनिकाचे संचालकपद, मुंबई विधिमंडळात स्वराज्य पक्षाचे नेतृत्व, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासदत्व, रस्ते समितीचे अध्यक्षपद, गोलमेज परिषद, फेडरल कोर्टाचे न्यायासन, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती, घटना समिती आणि शेवटी पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरुपद. इतके सगळे करूनही हा माणूस विस्मरणात गेला. पुढील चरित्र त्या विस्मरणाचे कारण शोधते आणि त्याच्या कामातले काय टिकले तेही दाखवते.

माझे स्वतःचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जयकरांचे राजकारण हरले आणि त्यांचे अहवाल जिंकले. त्यांनी धरलेल्या बाजू एकामागून एक मागे पडल्या, पण त्यांच्या अध्यक्षतेखाली लिहिलेल्या दोन अहवालांवर देश अजून चालतो आहे. एक रस्त्यांचा, दुसरा विद्यापीठाचा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडसारख्या ठिकाणी बसून हे चरित्र वाचताना त्या दोन अहवालांचे मोल जास्त कळते, कारण इथल्या माणसाच्या सरकारदरबारच्या मागण्या बहुतेक वेळा याच दोन गोष्टींपाशी येतात. बारमाही रस्ता आणि पोरांना शिकायला जवळची सोय.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू घराण्यातला. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण, मग कायद्याची पदवी आणि १९०५ साली विलायतेहून बॅरिस्टरी. संस्कृत आणि वेदान्ताची ओढ घरातूनच आलेली. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर यांचे वेदान्तविषयक इंग्रजी लेखन त्यांनी पुढे संपादित करून प्रसिद्ध केले. वकिली सुरू होण्यापूर्वीच गिरगावातल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेच्या उभारणीत ते होते. शिक्षणसंस्था हा त्यांच्या आयुष्यात म्हातारपणी आलेला शौक नव्हता, हे लक्षात यावे म्हणून ही नोंद.

वृत्तपत्राचा भाग चरित्रात थोडक्यात येतो, पण तो वगळून पुढचे जयकर समजत नाहीत. सर फिरोजशहा मेहता यांनी सुरू केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा पहिला अंक एप्रिल १९१३ मध्ये निघाला. संपादक होते बी. जी. हॉर्निमन, जन्माने इंग्रज आणि लेखणीने इंग्रज सरकारचे वैरी. मेहतांच्या पश्चात होमरूलच्या वाऱ्यात या दैनिकाचे संचालक मंडळ बदलले आणि महंमदअली जिना यांच्याबरोबर जयकरही तिथे संचालक होते. संचालकाचे काम संपादकासारखे रोज वाचकांसमोर येत नाही. कागदाचा खर्च, जामिनाची रक्कम, बदनामीचे दावे, सरकारी नोटिसा, संपादकाला किती मोकळीक द्यायची आणि ती दिल्यावर त्याच्यामागे कसे उभे राहायचे, हे सगळे त्यात येते. १९१९ च्या एप्रिलमध्ये पंजाबातल्या अत्याचारांच्या दिवसांत सरकारने हॉर्निमनना उचलून विलायतेच्या बोटीवर चढवले. छापलेल्या शब्दाला सरकार किती भिते आणि त्या शब्दाला वकिलाचे किती पाठबळ लागते, हे जयकरांनी तेव्हा जवळून पाहिले.

त्याच वर्षी ते स्वतः पंजाबात गेले. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने सरकारी हंटर समितीला उत्तर म्हणून आपली चौकशी समिती नेमली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर जयकर होते. गावोगाव फिरून जबान्या घ्यायच्या, प्रत्येक जबानी उलटतपासणीत टिकेल का ते पाहायचे आणि शंका वाटेल ती गाळायची, अशी कामाची रीत होती. मार्च १९२० मध्ये अहवाल आला. त्यातले दुःख जळजळीत आहे, आणि भाषा मात्र कोर्टात दाखल करण्याच्या कागदासारखी कोरडी. पुढची तीस-पस्तीस वर्षे जयकरांनी जे टिकाऊ काम केले, त्याची तालीम इथे झाली असे मी मानतो.

राजकारणात मात्र त्यांचा पाय कुठे ठरला नाही. १९२३ नंतर मुंबई विधिमंडळात ते स्वराज्य पक्षाचे नेते होते. कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करायची, ही त्या पक्षाची भूमिका. ती फुटली आपल्याच विदर्भात. ऑक्टोबर १९२५ मध्ये अमरावतीचे वकील आणि स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्यप्रांताच्या गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. पंडित मोतीलाल नेहरू संतापले. जयकर आणि नरसिंह चिंतामण केळकर यांनी उलट बाजू घेतली आणि नागपूरच्या डॉ. मुंजे यांच्यासह टिळकांच्या ‘प्रतियोगी सहकारिते’चा झेंडा वेगळा उभारला. जेवढे मिळते तेवढे घ्यावे आणि ते वापरून पुढचे मागावे, असा हा विचार. वकिलाला तो पटण्यासारखा होता. लोकांच्या मनाने मात्र तोवर दुसरीकडे ओढ घेतली होती.

आता रस्त्यांकडे येतो. या पुस्तकातले हे प्रकरण मी दोनदा वाचले.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी वाढल्या आणि रस्ते होते तिथेच राहिले. १९१९ च्या सुधारणांत रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता. प्रांतांनी त्यातला मोठा भार जिल्हा लोकल बोर्डांवर टाकला आणि बोर्डांच्या तिजोरीत खडखडाट. १९२७ साली मध्यवर्ती सरकारने रस्ते विकास समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जयकरांना दिले. १९२८ मध्ये अहवाल आला. त्याचा गाभा सोपा होता. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या कुवतीबाहेर गेला आहे, तो राष्ट्राच्या हिताचा विषय आहे आणि म्हणून मध्यवर्ती सरकारने पैसा उभा केला पाहिजे. पैसा कुठून, तर रस्ता वापरणाऱ्या मोटारींकडून. त्यानुसार मार्च १९२९ पासून पेट्रोलवरचा कर गॅलनमागे दोन आण्यांनी वाढला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी जन्माला आला. अभियंत्यांनी एकत्र बसून रस्त्यांची मानके ठरवावीत, या शिफारशीतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. आजही देशातला रस्ता किती रुंद, पूल किती भाराचा, वळण किती अंशाचे, हे तिच्या पुस्तिकांवरून ठरते. निधीचे नाव आणि कायदा पुढे बदलत गेला, तरी पेट्रोल पंपावर गाडीत इंधन भरणारा प्रत्येक माणूस जयकर समितीच्या त्या तत्त्वाचे पैसे आजही भरतो.

या तत्त्वाची किंमत ज्याच्या दारात चार रस्ते आहेत त्याला कळणे अवघड आहे. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव, हेमलकसा करत येणारा रस्ता पर्लकोटा ओलांडून भामरागडात शिरतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. जोराचा पाऊस झाला की पर्लकोटेचा ठेंगणा पूल पाण्याखाली जातो, बाजारपेठेत पाणी शिरते आणि पलीकडच्या शंभरावर गावांचा संपर्क तुटतो. आतल्या नाल्यांवरचे रपटे त्याआधीच बुडालेले असतात. बाळंतीण खाटेवर निजवून चार माणसे खांद्यावर आणतात. रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच चार महिन्यांचे भरून ठेवावे लागते. अशा वेळी रस्त्याचा हिशेब कोणी ‘दिवसाला किती गाड्या जातात’ यावर मांडला, तर भामरागडला उंच पूल कधीच मिळणार नाही. रस्त्याचा खर्च त्या गावाच्या ऐपतीवर ठरू नये, हे १९२८ सालचे वाक्य म्हणूनच इथे अजून शिळे झालेले नाही.

पण याच ठिकाणी अहवालाचे अपुरेपणही सांगितले पाहिजे. निधीतला काही वाटा केंद्राकडे राखून उरलेली रक्कम प्रांतांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात वाटायची, अशी पद्धत पडली. जिथे मोटारी जास्त तिथे पेट्रोल जास्त, आणि जिथे पेट्रोल जास्त तिथे रस्त्याला पैसा जास्त. मुंबईला ते न्यायाचे वाटले असेल, पण भामरागड तेव्हा ज्यात होते त्या चांद्याच्या जंगलाच्या वाट्याला त्यातून काय येणार? जयकर मांडत होते ते कर भरणाऱ्याच्या हक्काचे गणित. ज्याने कधी मोटार पाहिलीच नाही त्याच्या गरजेचे गणित त्यांच्या समोर नव्हते. शिवाय रस्ता कोणासाठी, हा प्रश्नही इथे सरळ नाही. माओवाद्यांनी वर्षानुवर्षे रस्त्याच्या कामावरची यंत्रे जाळली. दुसरीकडे शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक पाहून इथला माडिया आदिवासी विचारतो, आमच्या मागणीला इतकी वर्षे लागली आणि दगडासाठी रस्ता लगेच कसा झाला? जयकरांच्या अहवालात या प्रश्नाचे उत्तर नाही. आपण ते लिहायचे आहे.

जयकरांचे नाव त्या काळी घराघरात पोचले ते मध्यस्थ म्हणून. १९३० च्या जुलैत सविनय कायदेभंग ऐन भरात असताना अलाहाबादचे वकील सर तेजबहादूर सप्रू आणि जयकर व्हाइसरॉय आयर्विन यांची संमती घेऊन तुरुंगांच्या वाऱ्या करू लागले. ऑगस्टमध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी, मोतीलाल आणि जवाहरलाल, वल्लभभाई, सरोजिनी नायडू अशी सगळी मंडळी एकत्र बसली. बोलणी फिसकटली. तरी ज्या वाटेने ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार झाला, ती वाट मोकळी करणाऱ्यांत हे दोघे होते. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचा उपवास सुरू असताना झालेल्या पुणे करारावरही सप्रू आणि जयकर यांच्या सह्या आहेत. उपहासाने लोक या जोडीला काहीही म्हणोत, दोन्ही बाजूंना ज्यांच्या तोंडून निरोप पाठवावासा वाटतो अशी माणसे कुठल्याही देशात मोजकीच असतात.

मात्र जयकर नेहमीच समेटाचे होते असे म्हणणे खोटे ठरेल. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांनी मोतीलाल नेहरूंच्या समितीने केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यात, म्हणजे नेहरू अहवालात, काही दुरुस्त्या मागितल्या. सप्रूंनी त्या मान्य करून वाद मिटवण्याचा सल्ला दिला. जयकर हिंदुमहासभेच्या बाजूने उभे राहिले आणि जिनांच्या मागे मुसलमानांचा लहानसाच गट आहे, असे त्यांनी परिषदेला बजावले. वर्तमानपत्राच्या संचालक मंडळावर एके काळी शेजारी बसलेले हे दोन बॅरिस्टर. ऐन मोक्याच्या दिवशी जयकरांमधला मध्यस्थ गप्प राहिला आणि फिर्यादीचा वकील बोलला. चरित्र लिहिणाऱ्याने हे प्रकरण झाकलेले नाही, याचे समाधान वाटते.

अठरा वर्षांनी तेच जयकर घटना समितीत उलटी भूमिका घेऊन उभे राहिले. १३ डिसेंबर १९४६ ला जवाहरलाल नेहरूंनी ध्येयधोरणांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थाने आलेली नसताना तो मंजूर करू नये, त्यांच्यासाठी थांबावे, अशी उपसूचना जयकरांनी दिली. सभागृहातली नापसंती उघड होती. पाठोपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि त्यांनीही एकीसाठी थांबण्याचीच बाजू ताकदीने मांडली. मतदान जानेवारीवर गेले आणि २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला. याच चर्चेत १९ डिसेंबरला जयपालसिंग मुंडा आदिवासींच्या वतीने उभे राहिले होते. त्यांचा आणि जयकरांचा मुद्दा एका अर्थी एकच होता. जे सभागृहात नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना वगळून देशाचा करार लिहू नका. भामरागडच्या वाचकाने ही दोन भाषणे शेजारी ठेवून वाचावीत. जयकरांचे युक्तिवादात सरस आहे. आपले वाटेल ते जयपालसिंगांचे.

पुढे जयकरांनी घटना समितीची जागा सोडली. फाळणीमुळे बंगालमधली बाबासाहेबांची जागा गेली होती. डॉ. राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ ला मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना निवडून पाठवण्यास सांगितले आणि जयकरांच्या मोकळ्या जागेवर ते समितीत परत आले. ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. बाकी काहीही झाले नसते तरी जयकरांच्या एका राजीनाम्यापुरती इतिहासाला त्यांची नोंद घ्यावीच लागली असती.

त्यांच्या न्यायासनाबद्दल पुस्तकात सविस्तर माहिती आहे, म्हणून इथे फक्त उल्लेख करतो. १ ऑक्टोबर १९३७ ला फेडरल कोर्ट सुरू झाले तेव्हा सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्यासोबत शहा महंमद सुलेमान आणि जयकर हे दोनच न्यायाधीश होते. आजच्या सर्वोच्च न्यायालयाची ती पूर्वपीठिका. १९३९ मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले.

दुसरा अहवाल विद्यापीठाचा. तोवर पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतची सगळी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, या मागणीचा विचार करायला १९४२ साली मुंबई सरकारने समिती नेमली आणि अध्यक्ष पुन्हा जयकर. १९४३ च्या अहवालाने विद्यापीठाची गरज मांडली, १९४८ साली कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्याने अहवाल लिहिला त्यालाच ते चालवायला दिले. वय पंचाहत्तर. आरंभीचे कार्यालय भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात. संलग्न महाविद्यालये अठरा, विद्यार्थी आठ हजारांच्या वर, कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे. खेर सरकारने गणेशखिंडीतली गव्हर्नरची पावसाळी कोठी आणि चारशे एकरांवर जमीन दिली. नुसत्या परीक्षा घेणारे कार्यालय त्यांना नको होते. पुण्यात संशोधन करणाऱ्या संस्था आधीच होत्या, त्यांना विद्यापीठाशी जोडायचे आणि पदव्युत्तर अभ्यासाचा गाभा तिथे वाढवायचा, असा त्यांचा बेत होता. १९५६ मध्ये त्यांनी सूत्रे रँग्लर परांजप्यांकडे दिली. त्यानंतर ते आत्मचरित्राला बसले. पहिला खंड १९५८ साली आला. १० मार्च १९५९ ला ते गेले, तेव्हा कहाणी जेमतेम १९२५ पर्यंत पोचली होती. रस्ते, येरवडा, घटना समिती आणि विद्यापीठ यांबद्दल त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगायचे राहिलेच. अशा चरित्राची गरज म्हणूनही उरते.

पुण्याचे ते विद्यापीठ भामरागडपर्यंत कधी आले नाही. इथला मुलगा आधी मध्यप्रांताचा, १९५६ नंतर मुंबई राज्याचा, १९६० नंतर महाराष्ट्राचा; त्याचे विद्यापीठ मात्र २०११ पर्यंत नागपूरचेच, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तर जाण्या-येण्यात मजुरी बुडायची. २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले. विद्यापीठ माणसाच्या आवाक्यात असावे, त्या प्रदेशाच्या भाषेचा, इतिहासाचा आणि गरजांचा अभ्यास तिथे व्हावा, हा १९४३ च्या अहवालातला मूळ मुद्दा इथवर यायला अडुसष्ट वर्षे लागली. माडिया भाषा, जंगलाची माहिती, तेंदू आणि मोहाचे अर्थकारण हे त्या विद्यापीठात किती शिकवले जाते, यावरून पुढे त्याची किंमत ठरेल.

आणखी एक वकील या परिसराला ठाऊक आहे. वरोऱ्यात वकिली करणारे मुरलीधर देवीदास आमटे. त्यांनी काळा कोट उतरवला, आनंदवन उभारले आणि १९७३ साली हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. बाबांनी वकिली सोडून जे केले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जयकरांनी वकिली न सोडता, तिचीच हत्यारे घेऊन जे केले ते फाइलींत आहे, म्हणून दिसत नाही. दोन्हींची गरज असते. आज वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा सामूहिक दावा तयार करायचा तर नकाशा, पुरावे, वडीलधाऱ्यांच्या जबान्या आणि अचूक भाषा लागते. पेसा कायद्याने दिलेला अधिकार वापरायचा तर ठरावाचा मसुदा नीट लागतो. मोर्चा निघतो, घोषणा होतात, निवेदन दिले जाते. टिकतो तो कागद, ज्यातले एकही वाक्य समोरच्याला खोडता येत नाही.

तालुक्यातली काही मुले-मुली आता कायद्याचे शिक्षण घेत आहेत. हे पुस्तक सर्वांत आधी त्यांच्या हाती पडावे. जयकर आदर्श म्हणून समोर ठेवायची गरज नाही. त्यांनी १९२८ साली कलकत्त्यात जे केले ते करू नये, आणि त्याच वर्षी रस्ते समितीत जे केले ते शिकून घ्यावे, इतके पुरे. पक्षातून फुटलेला, सभागृहात एकटा पडलेला माणूससुद्धा नीट लिहिलेल्या अहवालाने पुढच्या शंभर वर्षांचा खर्च मंजूर करून घेऊ शकतो. भामरागडचा पुढचा अहवाल इथल्याच कोणी लिहावा, आणि पेट्रोलच्या खपावर निधी वाटणाऱ्या त्या जुन्या सूत्राची दुरुस्ती त्याच्या पहिल्या पानावर असावी.